आतल्या माणसांना भेटायला एकट्याला पाठवू नका

‘एक मन म्हणतं राजीनामा टाक, दुसरं मन म्हणतं होम लोन आहे.’ हे बोलायला मराठी माणसाला कुठला कोर्स करावा लागत नाही. आपण रोज बोलता बोलता मनाची वाटणी करतो आणि त्यात कुणाला वेडेपणा वाटत नाही. म्हणूनच ‘पार्ट्स वर्क’ नावाची थेरपी रील्समधून समोर येते तेव्हा ती परकी वाटत नाही. उलट, आपल्याला माहीतच असलेल्या गोष्टीला कुणीतरी पहिल्यांदा नीट नाव दिलं असं वाटतं. माझं भांडण त्या नावाशी नाही. ही थेरपी माणूस वगळून, सबस्क्रिप्शनवर, रात्री एकट्याने करायची गोष्ट म्हणून विकणाऱ्यांशी आहे.

आधी थेरपीबद्दल. तिचं पूर्ण नाव इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स, म्हणजे आयएफएस. रिचर्ड श्वार्ट्झ हे अमेरिकेतले फॅमिली थेरपिस्ट. १९८०च्या दशकात शिकागो भागात ते बुलिमियाच्या, म्हणजे बकाबका खाऊन मग उलटी काढण्याच्या आजाराच्या रुग्णांबरोबर काम करत होते. रुग्ण सांगत, माझ्यातला एक भाग मला खायला लावतो, दुसरा मला शिव्या घालतो. श्वार्ट्झ यांनी ते शब्दशः घेतलं आणि कुटुंबाला वापरायची पद्धत मनाच्या आतल्या या कुटुंबाला वापरून पाहिली. त्यातून तीन भूमिका पुढे आल्या. जुनी जखम पोटात धरून बसलेले, कोंडून ठेवलेले भाग म्हणजे ‘एक्झाइल’, आपल्या शब्दांत हद्दपार. ती जखम उघडी पडू नये म्हणून दिवसभर शिस्त लावणारे, परफेक्ट राहायला लावणारे ते ‘मॅनेजर’. आणि तरीही जखम भळभळलीच तर बंब घेऊन धावणारे ‘फायरफायटर’: दारू, रात्री तीनपर्यंत स्क्रोलिंग, अचानक भडकून केलेला मेसेज. या सगळ्यांच्या मागे ‘सेल्फ’ असतो. शांत, कुतूहल असलेला, करुणा असलेला. आणि हा सेल्फ प्रत्येकात असतो, कितीही मार खाल्ला तरी तो शाबूत राहतो, असं ही थेरपी मानते.

कल्पना सुंदर आहे. लहानपणी ज्याच्याशी वाईट वागलं गेलं त्याला ‘तुझ्यात बिघडलेलं काही नाही’ असं कुणीतरी सांगणं ही छोटी गोष्ट नाही. पण बाजाराने नेमकं हेच वाक्य उचललं. बरं करणारा तुमच्या आतच आहे ना? मग बाहेर कशाला माणूस हवा? मी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे हा हिशोब मला ओळखीचा आहे. कुठल्याही सेवेत सगळ्यात महाग भाग माणूस असतो. तो झोपतो, आजारी पडतो, एका तासात एकालाच बघतो. आमच्या भाषेत, तो स्केल होत नाही. त्याला काढलं की तीच गोष्ट लाखभर लोकांना विकता येते. वर एक सोय अशी की गुण आला नाही तर दोष कंपनीचा नाही. तुम्ही अजून तुमच्या सेल्फपर्यंत पोचला नाहीत, एवढंच.

आता प्रत्यक्ष काय होतं ते बघा. कानात इअरफोन. मऊ आवाज सांगतो, डोळे मिटा, शरीरात कुठे जडपणा आहे शोधा, तिथे कोण आहे बघा, त्याला विचारा तू किती वर्षांचा आहेस. हा प्रश्न वाचायला निरुपद्रवी आहे. पण सातव्या वर्षी जिच्या बाबतीत काही घडलं, तिच्यासाठी तो दाराची कडी काढणं आहे. थेरपिस्ट समोर असेल, अगदी व्हिडिओ कॉलवर असेल, तरी त्याला दिसतं की श्वास अडकला, डोळे एका जागी थिजले, बोलणं तुटलं. तो थांबवतो. पाय जमिनीला टेकवायला लावतो, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावतो. ऑडिओ फाइलला यातलं काही दिसत नाही. ती पुढच्या वाक्यावर जाते.

या पद्धतीचा स्वतःचाच एक नियम आहे. एक्झाइलकडे जाण्याआधी त्याची राखण करणाऱ्या भागांची परवानगी घ्यायची. ते नाही म्हणाले तर थांबायचं, आठवडेच्या आठवडे थांबायचं. अ‍ॅपमध्ये या परवानगीचं काय होतं? एक बटण होतं. ‘मी तयार आहे.’ आणि ते बटण कोण दाबतं? वर्गात पहिला हात वर करणारा, स्ट्रीक तुटू न देणारा, घेतलेला कोर्स पुरा करणारा आपल्यातला तो हुशार मॅनेजर. म्हणजे ज्याला विश्रांती द्यायची होती त्यालाच कामाला लावून आपण बरे व्हायला निघतो. हल्ली काही जण चॅटबॉटलाच ‘तू माझा आयएफएस थेरपिस्ट’ असं सांगून सुरू होतात. चॅटबॉटचा कल तुमचंच म्हणणं उचलून धरण्याकडे असतो, आणि आठवणींच्या कामात ती फार धोक्याची सवय आहे.

(आपल्याकडे बाईच्या अंगात येतं. मी त्याचं समर्थन करत नाहीये. पण त्या अंगणातही कुणीतरी तिला धरतं, डोकं आपटू नये म्हणून बघतं, नंतर पाणी देतं.)

आमच्या धंद्यात ऑन-कॉल नावाचा प्रकार असतो. पेमेंटचा सर्व्हर रात्री अडीचला पडला तर कुणाचा तरी फोन वाजतो, तो माणूस उठतो, आणि दुसऱ्या दिवशी काय चुकलं याचा लेखी अहवाल बनतो. दोनशे रुपये अडकले तरी हे होतं. ‘हीलिंग’ विकणाऱ्या अ‍ॅपमधून कुणाची जखम अडीचला उघडली तर कुणाचा फोन वाजतो? बहुतेक ठिकाणी उत्तर एका बारीक अक्षरातल्या ओळीत असतं: ही सेवा वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही. जाहिरातीत ‘ट्रॉमा’, अटींमध्ये ‘वेलनेस’.

‘पण हे एव्हिडन्स-बेस्ड आहे’ हा शिक्का कुठून आला तेही बघू. अमेरिकेतल्या एका सरकारी नोंदवहीत २०१५मध्ये आयएफएसची तशी नोंद झाली. तिला आधार होता २०१३मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासाचा. त्यात ७९ रुग्ण होते आणि ते सगळे संधिवाताचे. वेदना आणि उदासी कमी झाली, हे चांगलंच आहे. पण तो अभ्यास ट्रॉमाचा नव्हता. ती नोंदवही २०१८मध्ये बंदही झाली, शिक्का मात्र फिरतोय. बालपणीच्या ट्रॉमावरचा २०२१चा अभ्यास आशादायक आहे. त्यात १७ जण होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. यातून ‘आणखी अभ्यास करा’ एवढंच निघतं, ‘घरी करून बघा’ असं निघत नाही. आणि या प्रत्येक अभ्यासात समोर प्रशिक्षित माणूस होता.

ऑनलाइन असणं हा दोष नाही, हे मुद्दाम सांगते, नाहीतर ‘पूर्वीचं बरं होतं’वाल्यांना आयती काठी मिळेल. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज हेल्थ अलायन्सने पीटीएसडीसाठी आयएफएसचा ऑनलाइन गट चालवून पाहिला. सोळा आठवडे, स्क्रीनवरच. पण चालवणारे थेरपिस्ट होते, सोबत गट होता, शिवाय प्रत्येकासाठी वेगळी वैयक्तिक सत्रंही होती. तिथे स्क्रीन माणसापर्यंत पोचायचा रस्ता होती.

यावर मिळणारं उत्तर मला माहीत आहे, आणि ते खोटं नाही. सेशनला दीड-दोन हजार कुठून आणायचे? तालुक्याच्या गावात थेरपिस्ट कुठे आहे? वन आरकेमध्ये आई दोन फुटांवर झोपलेली असताना कुणाशी काय बोलायचं? अशा मुलीला अ‍ॅप काढून टाक असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या मॅनेजरला ओळखणं, ‘ही माझ्यातली घाबरलेली बोलतेय’ असं वहीत लिहिणं, हे एकटीने करता येतं आणि त्याने हलकंही वाटतं. हद्दपार केलेल्याच्या दारापर्यंत मात्र एकटीने जायचं नाही. अ‍ॅप बनवणाऱ्यांना ही रेघ माहीत असते. ते ती आखत नाहीत, कारण दाराच्या पलीकडचा भाग प्रीमियममध्ये आहे.

आणि गरिबीचं कारण पुढे करणाऱ्या सगळ्याच गोष्टी स्वस्त नसतात. तीन दिवसांच्या झूम वर्कशॉपची फी भरून, ‘पार्ट्स कोच’ म्हणवणाऱ्या कुणाच्या तरी समोर शंभर अनोळखी चौकोनांत बसून लोक आपलं बालपण उघडतात. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी लागते, सायकिअ‍ॅट्रिस्टला मेडिकल कौन्सिलकडे. ‘कोच’ व्हायला इन्स्टाचं अकाउंट पुरतं. फी भरण्याआधी त्याला विचारा: तुमचा नोंदणी क्रमांक काय? वर्कशॉप संपल्यावर रात्री मला त्रास झाला तर कुणाला फोन करू, आणि तो उचलेल का? मी मध्येच थांबले तर पैसे परत मिळतील का? तिसऱ्या प्रश्नाला बरेच जण गडबडतात, कारण थांबायचा हक्क त्यांच्या अभ्यासक्रमात नसतो.

केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही. तिथे कुणी तुमच्या सात वर्षांच्या मुलीला भेटायला लावणार नाही. पलीकडे कुणीतरी जागं असेल.