दीडशे वर्षांचा संशय

मार्च १८७८ मध्ये कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या कायदे कौन्सिलाने दोन कायदे पाठोपाठ संमत केले. पहिल्याने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर सरकारची नजर बसवली. दुसऱ्याने देशी माणसाच्या घरातली बंदूक परवान्याखाली आणली. दोन्ही कायदे लॉर्ड लिटनच्या राजवटीतले आणि दोन्हींच्या मुळाशी एकच भीती होती. १८५७ ला वीस वर्षे उलटली होती, तरी या देशातला माणूस काय वाचतो, काय बोलतो आणि घरात काय बाळगतो, याचा धसका राज्यकर्त्यांच्या मनातून गेला नव्हता.

वर्तमानपत्रांचा कायदा लवकर गेला. लिटननंतर आलेल्या रिपनने चार वर्षांच्या आत तो रद्द केला. शस्त्रांचा कायदा मात्र ऐंशी वर्षे टिकला, आणि त्याच्या जागी स्वतंत्र भारताने जो कायदा आणला त्याच्या अंगातही जुन्याचा बराच अंश उतरला. संपादक सुटला आणि बंदूकवाला अडकून राहिला. आज एखादा परवानाधारक शेतकरी सरकारी आदेशाकडे आणि वर्तमानपत्रातल्या बातमीकडे सारख्याच संशयाने पाहतो, त्याची सुरुवात या फारकतीत आहे, असे मला वाटते.

१८७८ च्या कायद्यातला खरा अपमान सवलतींच्या यादीत होता. युरोपियन माणसाला परवान्याची गरज नव्हती, अँग्लो-इंडियनाला नव्हती, काही पदवीधारी संस्थानिक आणि सरदारांना नव्हती. ज्याच्या शेतात रात्री रानडुकरे शिरत होती आणि ज्याच्या गोठ्यातून वाघ वासरू उचलून नेत होता, त्याला मात्र अर्ज करावा लागे. हिंस्र श्वापदांनी किती माणसे मारली, किती गुरे मारली, याचे आकडे सरकारच दरवर्षी छापत असे आणि ते हजारांत असत. देशी वर्तमानपत्रे तेच सरकारी आकडे हाती घेऊन विचारत, की रयतेला निःशस्त्र करून तुम्ही तिचे रक्षण कसे करता? त्या काळी बंदुकीचा प्रश्न विचारणारा आणि वर्तमानपत्र चालवणारा एकाच बाजूला उभे होते, ही गोष्ट आज विसरली गेली आहे.

कायद्याने बंड थांबले, असेही झाले नाही. कायदा आला त्याच्या पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी पुण्याच्या आसपास रामोशांना हाताशी धरून सशस्त्र उठाव केला. १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी पुण्यातला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली, तेव्हा त्यांनी कुणाकडे परवाना मागितला नव्हता. अडला तो बांधावरचा शेतकरी.

राष्ट्रसभेने, म्हणजे काँग्रेसने, हा प्रश्न आपल्या पहिल्याच दशकात उचलला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात शस्त्रकायद्यात दुरुस्तीची मागणी झाली आणि पुढे ती अनेकदा झाली. अहिंसेचा पुरस्कर्ता म्हणून जग ज्याला ओळखते त्या गांधींनीही तीच भूमिका घेतली, याचे आजच्या वाचकाला नवल वाटेल. १९१८ मध्ये गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरती करताना त्यांनी लोकांना सांगितले, की अडचणीच्या वेळी सरकारला मदत करा, म्हणजे त्याचा आपल्यावरचा अविश्वास जाईल आणि शस्त्रबंदीही उठेल. महायुद्ध संपले, पण अविश्वास गेला नाही. उलट रौलट कायदा आला. १९२० पासून नियमांतला उघड वंशभेद कागदावर दूर झाला, तरी परवाना देणारा हात तोच राहिला. जानेवारी १९३० मध्ये गांधींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठावरचा कर रद्द करण्याच्या मागणीबरोबर स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्यावेत आणि त्यावर लोकांचे नियंत्रण असावे, हीही मागणी होती. पुढच्या वर्षी कराची अधिवेशनाने तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क मानला.

मग स्वातंत्र्य आले आणि सूर बदलला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी कराचीच्या ठरावाची आठवण देत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. परक्या सरकारने लोकांना निःशस्त्र केले म्हणून तेव्हा ती मागणी झाली, परिस्थिती आता बदलली आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. हक्क सरसकट दिला तर चोर-दरोडेखोरही तो मागतील, आणि स्वतंत्र देशात व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र उचलण्याचे कर्तव्य मोठे, असे त्यांनी बजावले. दुरुस्ती पडली. घटनेच्या १९ व्या कलमात लोकांना एकत्र जमण्याचा हक्क मिळाला, तो ‘शांततेने व विनाशस्त्र’ जमण्याचा.

आंबेडकर बरोबर होते, असे माझे मत आहे. जातीच्या उतरंडीत ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बंदुका होत्या, त्यांनाच त्या हक्काचा खरा लाभ झाला असता. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला बहुधा त्या बंदुकीची नळीच आली असती. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीवरून जो वाद अजून पेटता आहे, त्याची फूटपट्टी म्हणूनच इथे लावू नये. इथल्या परवानाधारकाचा मुद्दा वेगळा आहे. त्याने परवाना मान्य केला आहे, पोलिसांची चौकशी मान्य केली आहे, नूतनीकरणाच्या फेऱ्या मान्य केल्या आहेत. एवढे केल्यावरही आपण संशयितच का, हा त्याचा सवाल आहे.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाने या सवालाचे उत्तर कागदावर बरेच चांगले दिले होते. १९६२ पासून लागू झालेला हा कायदा वाचला की त्यामागची लोकशाहीची जाण दिसते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, नाकारण्याजोगे कायदेशीर कारण नसेल तर, परवाना द्यावा, असे तो सांगतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून नकार देऊ नये, असे तो स्पष्ट म्हणतो. हे कलम मला फार मोलाचे वाटते, कारण बंदूक ही जमीनदाराच्या दिवाणखान्यातली शोभेची वस्तू आहे, ही साहेबी समजूत त्याने मोडली. नकाराची कारणे लिहून ठेवली पाहिजेत, मागितल्यास अर्जदाराला थोडक्यात कळवली पाहिजेत आणि त्याविरुद्ध अपील करता आले पाहिजे, हेही त्यात आहे. कारणे न कळवण्याची एक पळवाट मात्र ठेवली आहे, सार्वजनिक हिताची. २०१६ च्या नियमांनी अर्जावर निर्णयासाठी साठ दिवसांची मुदत घातली.

पण कोकणातल्या बागायतदाराशी बोला. वानरे नारळ फोडतात, रानडुकरे एका रात्रीत भाताचा मळा उलथतात, त्या जनावराला मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते आणि बंदुकीचा कागद तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत टेबलांवरून फिरत राहतो. आजोबांच्या नावावरचा परवाना वारसाच्या नावावर होईपर्यंत बंदूक पोलिस ठाण्यात जमा आणि पीक उघड्यावर. कायद्याने लिहून ठेवायला सांगितलेले कारण त्याला तोंडी सांगितले जाते, तेही ‘वरून आदेश आहेत’ एवढ्या शब्दांत. संशय तिथे रुजतो.

त्यात निवडणूक आली की हा संशय दर वेळी नवा होतो. आचारसंहिता लागते, जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश निघतो आणि सगळे परवानाधारक रांगेत उभे राहतात. ज्याच्यावर कधी साधी तक्रार नोंदली गेली नाही तोही, आणि दंगलीच्या गुन्ह्यात जामिनावर सुटलेलाही. २००९ मध्ये असाच सरसकट आदेश मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाने सांगितले, की प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार केल्याशिवाय शस्त्र जमा करायला लावता येणार नाही. त्यानंतर निवडणूक आयोगानेही छाननी समितीची पद्धत घालून दिली. जामिनावर असलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी निवडणुकीत दंगा केलेले यांची प्रकरणे समितीने तपासायची आणि मग ठरवायचे. हा निवाडा मराठी मुलखात कायद्याच्या राज्याने दिलेला एक उत्तम धडा होता. तरीही सरसकट आदेशांचा प्रश्न त्यानंतर देशातल्या वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत पुन्हा पुन्हा गेला. समिती अनेकदा यादीवर सही करण्यापुरती उरते आणि आपले नाव यादीत का आले, हे शेतकऱ्याला कुणी सांगत नाही.

याच्या उलट उदाहरण दक्षिणेला फार लांब नाही. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्याच्या कोडवा समाजाला १८७८ च्या कायद्याखालीच परवान्यातून सूट मिळाली होती. ती आजही चालू आहे, केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रपूजा होते तसा त्यांचाही शस्त्रांचा सण आहे. ही सूट सगळीकडे द्यावी, असे मी म्हणणार नाही. जमातीच्या नावाने दिलेली सवलत समतेच्या तत्त्वाला खटकतेच. पण राज्याने एखाद्या समाजावर विश्वास टाकला म्हणून तिथे बेबंदशाही माजली नाही, एवढे तरी त्या जिल्ह्याने दाखवून दिले आहे.

आता वर्तमानपत्रांकडे वळतो, कारण मला जास्त दुखते ते इथे. १८९७ च्या प्लेगच्या दिवसांत ‘केसरी’ने सरकारी कारभाराची झडती घेतली आणि टिळकांनी राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा ओढवून घेतली. त्या परंपरेतली आपली पत्रे आज बंदुकीची बातमी कशी देतात? टेबलावर मांडलेले गावठी कट्टे, शेजारी जिवंत काडतुसे, मागे बुरखा घातलेले आरोपी आणि त्यांच्यामागे पोलिसांची रांग. मजकूर पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकातला, बहुधा शब्दशः. शस्त्र परवान्याचे होते की बेकायदा, हा पहिला प्रश्न अनेकदा विचारलेलाच नसतो. नूतनीकरण चुकलेल्या म्हाताऱ्याची ठासणीची बंदूक आणि टोळीयुद्धासाठी आणलेले पिस्तूल एकाच साच्यातून छापले जाते. खटल्यात आरोपी सुटला तर ती बातमी क्वचितच येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बंदुकीने झालेल्या खुनांची परवान्याची व बिनपरवान्याची अशी विभागणी वर्षानुवर्षे दिली गेली आणि त्यांत बिनपरवान्याच्या शस्त्रांचे पारडे फार जड होते. ही विभागणी बातमीत किती वेळा दिसली?

आकड्यांचेही तेच. जिनिव्हातल्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१७ साठी भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका असल्याचा अंदाज मांडला आणि जगात अमेरिकेखालोखाल भारत, अशी बातमी झाली. हा अंदाज आहे, मोजणी नाही. नोंदणी झालेल्या बंदुका त्यात एक कोटीच्या आत आहेत आणि माणशी हिशेब केला तर शंभरामागे जेमतेम पाच पडतात. या तीन गोष्टी मथळ्याखाली आल्या असत्या तर वाचकाचे चित्र वेगळे झाले असते. आपल्याला माहीत असलेल्या विषयाची बातमी अशी अर्धी निघाली की माणूस इतर विषयांच्या बातम्यांवरही विश्वास ठेवेनासा होतो. बंदूकवाल्याचा वर्तमानपत्रावरचा राग मला म्हणूनच समजतो.

मात्र तो राग सगळाच रास्त आहे, असे मानायला मी तयार नाही. उत्तरेत लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळ्यांनी माणसे मेली आहेत आणि त्या बंदुका कित्येकदा परवान्याच्या होत्या. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गोळीबाराला शिक्षा ठरवली, ते आवश्यक होते. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतील, असे केले, तेव्हा हा निःशस्त्रीकरणाचा पहिला टप्पा आहे, अशी ओरड झाली. तिला आधार नव्हता. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली, हे ओरडणाऱ्यांनी सांगितले नाही. घरातल्या भांडणात किंवा निराशेच्या रात्री हाताशी असलेली बंदूक जीव घेते, आणि परवाना त्या गोळीला अडवत नाही. चौकशी हवी, तपासणी हवी, धोका दिसला तर शस्त्र काढून घेण्याचा अधिकारही सरकारकडे हवा.

पण त्या अधिकाराचा हिशेब कुणी द्यायचा? प्रत्येक जिल्ह्याने निवडणुकीपूर्वी किती शस्त्रे जमा करून घेतली, त्यांपैकी किती प्रकरणांत छाननी समितीने कारण लिहून ठेवले, शेती संरक्षणाचे किती अर्ज आले, साठ दिवसांत किती निकाली निघाले, किती नाकारले आणि कोणत्या कलमाखाली, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावायला नवा कायदा लागत नाही. परवान्यांची राष्ट्रीय नोंद आता संगणकावर आहे, माहिती एका ठिकाणी आहे. आणि जिल्ह्याच्या बातमीदाराने तो फलक वाचून दोन प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. ते बंधन रिपनने घालवले, त्याला आता एकशे चाळीस वर्षे होऊन गेली आहेत.