हातोड्याने ठोकलेलं थिंबल

मंडळी, या रविवारी कोड बंद. जरा तांब्याविषयी बोलू.

गेल्या आठवड्यात वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या एका मित्राने बोलावलं. होडीचा स्टार्टर कधी घेतो, कधी नाही. पार्ल्याहून जाऊन बघतो तर बॅटरीची ५० स्क्वेअर एमएमची जाडजूड केबल आणि तिच्या टोकाला छिन्नी-हातोड्याने चेपलेलं थिंबल. (लग म्हणा हवं तर.) वायरमन तिथेच होता. त्याने मल्टिमीटर लावून बझर वाजवून दाखवला. "बघा साहेब, कंटिन्युइटी आहे. वीस वर्षं असंच करतोय."

म्हणजे आमच्या धंद्यातलं 'माझ्या मशीनवर तर चालतंय'! फरक इतकाच की आमचा सर्व्हर बसला तर मॅनेजर ओरडतो. इथे चार माणसं भर समुद्रात बंद इंजिन घेऊन बसतात.

त्या बझरवर माझा खरा राग आहे. साधा मीटर ०.१ ओहमच्या खाली आंधळा. आणि दुखणं असतं १ मिलिओहमचं, म्हणजे त्याच्या शंभराव्या भागाचं. स्टार्टर २०० अँपिअर ओढतो असं धरा. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, दहावीचं गणित: ४० वॉट. कॉलेजात आपण वापरायचो ती सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची होती! शिवाय प्रत्येक सांध्यावर ०.२ व्होल्ट गळणार. दोन केबल, चार टोकं, ०.८ व्होल्ट गेले. १२ व्होल्टच्या बॅटरीतून, तेही ती स्टार्ट घेताना आधीच खाली बसलेली असताना. बघायचंच तर स्टार्टर फिरत असताना मीटर मिलिव्होल्टवर ठेवून सांध्याच्या दोन्ही बाजूंना लावा.

षटकोनी डायमध्ये दाबलेल्या लगमध्ये तारा आणि नळी इतक्या घट्ट बसतात की कापून पाहिलं तर जवळजवळ भरीव तांबं दिसतं. हातोडा एकाच बाजूने चेपतो, आत पोकळ्या राहतात. त्यात खारी हवा शिरते, कळंक चढतो, रेझिस्टन्स वाढतो, सांधा तापतो. किनाऱ्यावर पहिल्या दिवशी सगळं झकास!

"मग सोल्डर भरा की", हेही ऐकवलं गेलं. सोल्डर तारांमधून वर चढतं आणि तेवढी केबल काठीसारखी ताठ होते. जिथे ताठपणा संपतो तिथेच इंजिनच्या थरथरीने तारा तुटतात. त्यातून कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं. अमेरिकेतलं बोटींच्या वायरिंगचं एबीवायसी मानक नुसत्या सोल्डरवर भार टाकू देत नाही. बॅटरीच्या लगला सवलत आहे, पण नळीतला सोल्डरचा भाग वायरच्या व्यासाच्या किमान दीडपट असेल तरच. ते मोजणारा मला अजून भेटायचाय.

हायड्रॉलिक टूल महाग, हे मात्र मान्य. एकट्या वायरमनने का घ्यावं? पण मच्छीमार सोसायटी डिझेल, बर्फ बघतेच ना? एक टूल आणि डायचा संच सगळ्या होड्यांना पुरेल.

असो. मी ऑफिसातल्या एका मित्राचं टूल मागून नेलं होतं. चारही टोकं कापली, नवे लग दाबले, वर गोंदवाली हीट श्रिंक चढवली. जुनं थिंबल हॅकसॉने उभं चिरलं तर आत हिरवंगार. वायरमनने तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ फिरवला. मग म्हणाला, "साहेब, डाय कितीची लावली?"