घरची शाळा : लहान मुलांस जर्मन अंक

खामगांव तालुक्यांतील पिंपळगाव राजा येथून एका वृद्ध भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांस जर्मनींत नोकरी लागली असून सूनबाई व दोन मुलें (थोरला सात वर्षांचा, धाकटी साडेचार वर्षांची) चार महिन्यांनीं तिकडे जावयाचीं आहेत. परक्या शाळेंत मुलें अगदींच मुकीं बसूं नयेत, म्हणून निदान शंभरपर्यंत जर्मन अंक घरींच शिकवावे असें ठरलें. येथपर्यंत सर्वांचें एकमत आहे. वाद पुढें आहे. घरांतील एक पक्ष म्हणतो कीं, मुलांस आधीं इंग्रजी अंक पक्के येऊं द्यावे, त्यांवरून जर्मन शिकवावे, आणि मराठी अंकांचा घोळ तूर्त बंद ठेवावा. आजीबाई विचारतात, "मराठी बंद केल्यानें जर्मन खरोखरच लवकर येईल काय?"

हा प्रश्न आतां एका घराचा राहिलेला नाहीं. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें जर्मनींतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयीं करार केला. पूर्वीं पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनांत किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्यें जाणाऱ्या विद्यार्थ्यांपुरती वाटणारी ही भाषा आतां लहान गांवांच्या ओसरीवरही येऊं पाहत आहे. म्हणून येथें थोडें विस्तारानें लिहितों.

आमचें उत्तर 'नाहीं' असें आहे. किंबहुना या एका बाबतींत मराठी मूल इंग्रजी मुलाच्या पुढें आहे. इंग्रजींत आधीं दशक सांगून मग एकक सांगतात. जर्मनींत क्रम आपल्यासारखाच, म्हणजे एकक आधीं व दशक मागून. आपण 'एकवीस' म्हणतों त्यांत एक पुढें व वीस मागें आहेत. जर्मन मनुष्य 'आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश' म्हणतो, म्हणजे 'एक आणि वीस'. त्रेपन्नास तो 'द्राय-उन्ट-फ्युन्फ्त्सिश' म्हणतो, म्हणजे 'तीन आणि पन्नास'. ज्या मुलाच्या कानांत बावीस, तेवीस, चोवीस मुरलेले आहेत त्यास ही चाल उलटी वाटत नाहीं. इंग्रजीवरून गेलेल्यास मात्र प्रत्येक अंक मनांत उलटा फिरवावा लागतो. सरळ वाट सोडून वळसा कां घ्यावा, हें आम्हांस कळत नाहीं.

शिवाय जर्मन अंक आपल्याहून पुष्कळ सोपे आहेत. एकापासून दहापर्यंतचे शब्द, अकरा व बारा यांचे 'एल्फ' व 'त्स्वोल्फ', आणि विसापासून नव्वदापर्यंतचीं आठ दशकें, असे अवघे वीस शब्द पाठ झाले कीं नव्व्याण्णवपर्यंतचें काम झालें. सोळा, सतरा, साठ व सत्तर यांत थोडी काटछांट होते, तेवढी लक्षांत ठेवावी. आपल्याकडे संधीनें व झिजेनें जवळजवळ प्रत्येक अंकास निराळें रूप आलेलें आहे. त्रेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस हे एका सांच्यांतून निघत नाहींत. एक फरक मात्र मुलास आरंभींच सांगावा. आपलें 'एकोण' तिकडे नाहीं. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस, हा हिशोब सोडून तेथें 'नऊ आणि वीस' असेंच म्हणावयाचें.

उच्चारांतही तीच गोष्ट. दोन, दहा, बारा, वीस यांच्या जर्मन शब्दांचा आरंभ ज्या वर्णानें होतो तो आपल्या 'चाक' व 'चूल' यांतील 'च' होय. सहा व सात यांच्या आरंभींचा वर्ण 'जुना' यांतील 'ज' किंचित् हलका केला कीं साधतो. रोमन अक्षरें इंग्रजी वळणानें वाचून शिकविल्यास हे वर्ण बिघडतात, आणि चार याचा जो 'फीअर' तो 'वीर' होऊन बसतो. म्हणून अंक कानानें शिकवावे, पुस्तक मागून. पांच या शब्दांतील स्वर अवघड आहे. 'ऊ' म्हणतांना ओंठांचा जो चंबू होतो तो तसाच ठेवून 'ई' म्हणावयास सांगावें. मुलांस ही गंमत फार आवडते.

खरी अडचण लिहिण्याची. एकक आधीं ऐकूं आल्यामुळें मूल 'बावन्न' ऐकून २५ लिहितें. जर्मन मुलांचीही हीच खोड आहे. बोखूमचे गणिताचे प्राध्यापक लोथार गेरित्सेन यांनीं २००४ पासून 'वीस-एक' या क्रमासही मान्यता द्यावी अशी चळवळ चालविली. नॉर्वेनें तर १९५१ सालींच दूरध्वनीच्या सोयीसाठीं सरकारी रीतीनें क्रम बदलला, तरी जुनी चाल तोंडांतून समूळ गेली नाहीं. आपल्याकडे २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत 'वीस एक', 'साठ तीन' असें वाचन आलें तेव्हां केवढें वादळ उठलें तें वाचकांस स्मरत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचा हेतु मुलांचा जोडाक्षरांचा व क्रमाचा त्रास कमी करण्याचा होता, आणि त्या हेतूची थट्टा करणें आम्हांस रुचलें नाहीं. परंतु ज्या घरांत आजी दिवसांतून दहा वेळां 'पंचवीस' म्हणते, तेथील मुलास हे शब्द जड वाटण्याचें कारण नाहीं.

उपाय जुनाच आहे. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधाव्या. मुलानें जर्मन अंक पूर्ण ऐकावा, जुड्या डावीकडे व सुट्या काड्या उजवीकडे मांडाव्या, आणि मगच लिहावें. एकक आधीं लिहून डावीकडे दशकासाठीं जागा सोडण्याची युक्ति कित्येक मुलें आपण होऊन काढतात; ती तत्काळ मोडावी, कारण शंभराच्या पुढें ती फसते. थोरल्यास रोज दहा मिनिटें पुरेत. जर्मन शाळेंत पहिल्या इयत्तेस वीसपर्यंत व दुसरीस शंभरपर्यंतचा व्यवहार असतो. धाकटीस बारापर्यंत जिना चढतांना म्हणतां आलें तरी पुष्कळ झालें. तिच्या हातीं पाटी देऊंच नये.

आतां आजीबाईंच्या ठेवणींतील एक वस्तु सांगतों. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांच्या पंक्तींतली औटकी ज्यांनीं पाठ केली त्यांस 'औट' म्हणजे साडेतीन हें ठाऊक आहे. हा शब्द संस्कृत 'अर्धचतुर्थ' झिजून झाला. पूर्ण तीन, आणि चौथा अर्धा. 'अडीच' हा तसाच 'अर्धतृतीय' यापासून आला. जर्मन भाषेची हीच रीत आहे. अडीच वाजले असतां तेथें 'हाल्प द्राय' म्हणतात, शब्दशः 'अर्धा तीन'. दीडास त्यांचा 'आन्डर्टहाल्प' आहे, म्हणजे 'दुसरा अर्धा'. अडिचासही 'द्रिट्टेहाल्प' असा शब्द होता, तो आतां जुना झाला. इंग्रजी घड्याळ शिकलेलें मूल 'हाल्प द्राय' ऐकून साडेतीन समजतें आणि तासभर उशिरा पोंचतें. आजीनें औटकीचा अर्थ फोडून सांगितला तर ही चूक होणार नाहीं, आणि हें काम सूनबाईंच्या पुस्तकापेक्षां आजींस अधिक चांगलें साधेल.

नातवंडें परत येतील तेव्हां आजीशीं पत्ते कोणत्या अंकांत मोजतील, हाही प्रश्न आहेच. चार महिन्यांत मराठी अंक तोडले तर तिकडे ते पुन्हां जोडून देणारें कोणी नसेल. म्हणून काड्यांचा एकच ढीग आधीं मराठींत व लगेच जर्मनींत मोजवावा.

किरकोळ दोन गोष्टी. तेथें अपूर्णांकापुढें टिंब न देतां स्वल्पविराम देतात व हजारापुढें टिंब. म्हणून दीड हा १,५ असा आणि दीड हजार १.५०० असा दिसेल. दुसरें, आपला देवनागरी एक तिकडच्या नवासारखा दिसतो, आणि तिकडचा एक वर लांब तिरकी शेंडी असल्यामुळें सातासारखा. यासाठींच ते सातास मध्यें आडवी रेघ देतात. थोरल्याकडून ती रेघ आतांपासून गिरवून घ्यावी.