बसून राहिलेलं इंजिन

माझ्या बहिणीचा नातू सध्या विमान चालवायला शिकतोय. दिवाळीत इंदूरला आला आणि फराळाला बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "आजोबा, आमच्या सेसना १७२ ला मल्टिग्रेड तेल चांगलं की सिंगल ग्रेड? होस्टेलवर यावरून रोज भांडणं होतात." उभा जन्म हँगरमध्ये काळे हात घेऊन वावरलेल्या माणसाला असं विचारलं, की चकली तशीच राहते.

आधी एक पक्कं. मोटारीचं तेल विमानात घालायचं नाही. आपल्या या छोट्या विमानांचं इंजिन हवेनं थंड होतं. त्यात पिस्टन आणि सिलिंडरमधली फट जास्त ठेवलेली असते, म्हणून थोडं तेल जळतंच. मोटारीच्या तेलातली काही रसायनं जळली की धातूची राख उरते. ती साठून लाल तापते, ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटवते आणि पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून विमानाला राख न उरणारं, म्हणजे 'अ‍ॅशलेस डिस्पर्संट' तेल. नव्या इंजिनाला मात्र बहुतेक वेळा पहिले ५० तास साधं मिनरल ऑइल देतात, रिंगा जरा घासून नीट बसाव्यात म्हणून. आणि हो, 'डब्ल्यू १००' मधला डब्ल्यू थंडीचा नव्हे, तो अ‍ॅशलेसचा. १०० म्हणजे मोटारीच्या भाषेत एसएई ५०.

आता तुमचं भांडण. थंडीच्या पहाटे मल्टिग्रेड पटकन सगळीकडे पोचतं. आपल्या उन्हाळ्यात सिंगल ग्रेडनंही छान भागतं. कंपनीच्या मंजूर यादीतलं कुठलंही घाला. त्या फरकानं इंजिन गेलेलं मी पाहिलं नाही.

बसून राहिल्यानं गेलेलं पाहिलंय. त्यात माझाही हात होता.

एका क्लबाचं विमान कागदपत्रांपायी सबंध पावसाळा उभं होतं. इंजिन लायकॉमिंग ओ-३२०, ओव्हरहॉलची मुदत २००० तास, झालेले जेमतेम ९००. मी दर शनिवारी ते दहा मिनिटं जमिनीवर चालवायचो. वाटायचं, केवढी काळजी घेतोय! पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते, एका लिटरमागे जवळपास लिटरभर पाणी. त्यातलं थोडं रिंगांवरून खाली तेलात उतरतं. तेल तासभर ७५ ते ९० अंशांवर तापलं तरच ते उडून जातं, आणि त्यासाठी विमान हवेत न्यावं लागतं. दहा मिनिटांत मी फक्त पाणी घालत होतो. त्यातून या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. बंद पडलं की तेल निथळून खाली येतं आणि कॅम उघडा पडतो.

पुढच्या वर्षी फिल्टर कापला. घडीच्या कागदात बारीक चकाकणारे पोलादाचे कण. सिलिंडर काढून आत पाहिलं, तर कॅमच्या उंचवट्यावर गंजाचे खड्डे आणि त्याखाली टॅपेटचं तोंड सोललेलं. ११०० तासांचं आयुष्य मी दर शनिवारी थोडं थोडं खाल्लं होतं. क्लबात कोणी बोललं नाही, पण त्या वर्षी किती पोरांचं शिक्षण लांबलं ते मला ठाऊक आहे.

त्याला म्हटलं, फिल्टर असेल तर ५० तासांनी तेल बदलतात, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी. पण विमान उडो न उडो, चार महिने झाले की बदलायचंच, ही अट लोक विसरतात. ५० तास झाले नाहीत ना, मग कशाला, म्हणतात. वापरलेल्या तेलात पाणी, आम्ल, पेट्रोलमधलं शिसं, सगळं असतं. ते इंजिनात मुरत ठेवायचं नाही. आणि फिल्टर फेकण्याआधी कापून बघायचाच.

"आजोबा, मग मी विचारू काय त्यांना?"

"तेल कुठलं ते नको विचारूस. शेवटचं उडालं कधी ते बघ."

परवा त्याचा मेसेज आला. 'लॉग पाहिला. आज नववा दिवस. त्याआधी ४१ दिवस उभं होतं.'

मी लगेच फोन लावला.