दमलात तर नाही म्हणा, ठोकून देऊ नका

मागच्या महिन्यात मितानिन, म्हणजे आपल्या गल्लीतली आरोग्य कार्यकर्ती, आरोग्याचा फॉर्म घेऊन आली, तेव्हा मी जेवून आडवा झालो होतो. त्या महिन्यातली ती तिसरी प्रश्नावली. पडल्या पडल्याच उत्तरं दिली. तंबाखू? नाही. दारू? नाही. व्यायाम? रोज. कंबर? लिही चौतीस. टेप तिच्या हातातच होती, पण उठतंय कोण! आणि तिकडे बेसिनवर गुडाखूची डबी उघडी पडलेली.

गुडाखूला आपल्या रुआबांध्यात मंजनच समजतात. विदर्भातून भिलाईला आलेल्या आम्हा मंडळींचा खर्रा सुटला, तर हे लागलं. पण गुळाच्या त्या लगद्यात तंबाखू असतो, तेव्हा उत्तर ‘हो’च.

त्या फॉर्मला गुण असतात. तिशीपुढच्या प्रत्येकाचा तो भरायचा आणि बेरीज 4 च्या वर गेली, की बीपी, शुगर, तोंडाचा कर्करोग यांच्या तपासणीत त्याचा नंबर आधी लावायचा. साठी ओलांडल्याचे माझे 4 गुण धरलेलेच. रोजच्या तंबाखूचे 2, शंभर सेंटिमीटरच्या वर कंबर असली तर आणखी 2, व्यायाम नाही म्हणून 1. खरं बोललो असतो तर 9 झाले असते. मी ठोकून दिलं आणि बरोबर 4 वर अडकलो. नुकसान सरकारचं झालं नाही, माझंच झालं.

कंटाळा येतो, हे खोटं नाही. तेच प्रश्न, तेच आधार कार्ड, आणि पुढं काय झालं ते सांगायला कुणी परत येत नाही. म्हणून दारातच विचारा: कुणाचा सर्व्हे, किती वेळ लागेल, माहिती कुठं जाणार? वेळ नसेल तर दुसरा दिवस द्या. नकोच असेल तर सरळ नाही म्हणा, अशा आरोग्याच्या सर्व्हेत तो तुमचा हक्क आहे. बँकेचा ओटीपी मागितला तर मात्र दार लावून घ्या.

असाच घरोघरी येणारा मोठा सर्व्हे म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्याचं काम मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून चालतं. 2019-21 च्या फेरीत देशभरातली सहा लाखांवर घरं होती, म्हणजे एकेक घर कितीतरी घरांच्या वतीनं बोलतं. त्यात घरातल्या मारहाणीचे प्रश्न एकाच बाईला, तेही एकांतात विचारतात. अशा वेळी, बाबांनो, पाणी द्यायच्या निमित्तानंसुद्धा आत डोकावू नका. सासूबाईंनीही जरा शेजारी जाऊन यावं.

आणि मितानिनीवर चिडू नका. छत्तीसगडनं ही योजना 2002 मध्ये आणली, देशात आशा कार्यकर्त्या यायच्या तीन वर्षं आधी. मितानिन म्हणजे मानलेली मैत्रीण. ती तुमच्याच गल्लीतली, घरचा स्वयंपाक उरकून उन्हातून आलेली असते. तिचे बरेचसे पैसे कामागणिक. तिनं ‘नाही, नाही, नाही’ असं एका दमात लिहून टाकावं, अशी पाळी तिच्यावर आणू नका.

मी तिला परत बोलावलं. ती हसली, तंबाखूपुढे खूण केली आणि टेप काढली. मी पोट आत घेतलं.

“काका, श्वास सोडा.”

सोडला. एकशे दोन भरलं.