प्लेटलेट्स कमी, म्हणून मोतीबिंदू तसाच?

‘प्लेटलेट्स कमी आहेत ना, मग नकोच ते ऑपरेशन!’ मोतीबिंदू शिबिराची नावं लिहून घेताना हे वाक्य हल्ली वरचेवर कानावर येतं. डेंग्यूमुळे हा शब्द घरोघरी पोचला, सोबत भीतीही पोचली. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) सासूबाईंच्या बाबतीत हे कारण चटकन पुढे येतं, सासऱ्यांसाठी मात्र लगेच दुसरा डॉक्टर गाठला जातो.

मैत्रिणींनो, जरा समजून घेऊया. दर मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. त्या कमी झाल्या तर रक्तस्रावाची भीती, हे खरंच. पण फेको पद्धतीत बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जेमतेम २-३ मिलिमीटरची चीर देतात आणि त्या पडद्याला रक्तवाहिन्याच नसतात! डोळा बधिर करायला बऱ्याचदा नुसते थेंबही पुरतात. खरी जोखीम डोळ्याभोवती दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनची. सुई रक्तवाहिनीला लागली तर डोळ्यामागे रक्त साचू शकतं. शिबिरात होणाऱ्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत चीर मोठी, डोळ्याच्या पांढऱ्या भागात असते आणि इंजेक्शनही बहुधा लागतं. म्हणून रिपोर्ट लपवून आजींना रांगेत उभं करणं हाही शहाणपणा नव्हे.

आमच्या ओळखीतल्या एका आजींच्या प्लेटलेट्स साठ हजार आल्या. वर्षभर घरात चाचपडत राहिल्या, दोनदा गॅसपाशी हात भाजला. शेवटी सून हट्टाने रक्तविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. वेगळ्या नळीत रक्त घेऊन पुन्हा तपासलं, तर आकडा चक्क नॉर्मल! नेहमीच्या नळीतल्या रसायनाने काहींच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या कमी मोजतं.

अर्थात प्रत्येकीचं असंच निघेल असं नाही. डेंग्यू असेल तर आकडा सावरेपर्यंत थांबावं, मोतीबिंदूला सहसा तेवढी घाई नसते. यकृताचा आजार, कॅन्सरची औषधं यांत आकडा खरंच घसरतो, तिथे कारण शोधावंच लागतं. अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी आपल्या मनाने बंद करू नका आणि पपईच्या पानांच्या रसावर महिने काढू नका. नेत्रतज्ज्ञांना सरळ विचारा, थेंबांवर होईल का? इंजेक्शन टाळता येईल का? इथे जमत नसेल तर आजींना कुठे घेऊन जाऊ?