रातकिड्याचा डबा

अमेरिकेत पुष्कळ मुलं बिअर्डेड ड्रॅगन नावाचा सरडा पाळतात. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. (आपली घोरपड मात्र घरी आणायची नाही हं, तो गुन्हा आहे!) त्याच्यासाठी रातकिडे वाढवतात. आता गंमत पाहा, रातकिडा जे खातो तेही सरड्याच्या पोटात जातं. म्हणून आदल्या दिवशी त्यालाच पोटभर जेवू घालायचं. गाजर, रताळं, लाल भोपळा चालेल. पालक नको. का? पालकात कॅल्शियम असतं खरं, पण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल ते धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. रातकिड्यात कॅल्शियम आधीच कमी. मग सरड्याची हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. भाजी धुऊन, सोलून द्यायची. फवारणीचं औषध किडे मारायलाच असतं ना!